सोलापूरच्या हद्दवाढ भागात भाड्याने घर घेताना

चौदा वर्षांत आम्ही सोलापुरात चार घरं बदलली. त्यातलं दुसरं सैफुलच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर. डिसेंबरात, संध्याकाळी सातला बघितलं. गार वारं सुटलं होतं, गच्चीवरून शहराचे दिवे दिसत होते, भाडंही झेपण्यासारखं. त्याच रात्री डिपॉझिट देऊन मोकळे झालो. मार्च निम्मा सरला आणि घर कळायला लागलं. वर नुसता स्लॅब, पश्चिमेची अख्खी भिंत उघडी. रात्री अकरालाही त्या भिंतीला पाठ टेकवत नव्हती. मुलगी दीड वर्षाची होती, तिच्या अंगभर घामोळं उठलं. त्यात पाणी पाच दिवसांआड आणि पाचशे लिटरची एक टाकी दोन बिऱ्हाडांत. जूनमध्ये आम्ही ते घर सोडलं, तेव्हा डिपॉझिटमधले साडेचार हजार परत मिळाले नाहीत. लेखी काहीच नव्हतं, मागणार कशाच्या जोरावर?

तेव्हापासून ओळखीतलं कोणी घर शोधत असेल तर मी सोबत जाते. गावाकडून शिकायला आलेली मुलं, सिव्हिलमध्ये नवीन लागलेल्या नर्स, बदलीवर आलेले शिक्षक. सगळ्यांना पहिल्यांदा एकच सांगते: सोलापुरात आधी पाणी आणि ऊन बघायचं, खोल्या नंतर. बाकीचं सगळं त्यामागून येतं, आणि ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

भाग आधी, घर नंतर

१९९२ साली आजूबाजूची गावं महापालिकेत आली. मजरेवाडी, शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे ही सगळी त्यातली. सोलापूरकर अजूनही या पट्ट्याला हद्दवाढ भागच म्हणतात. वन आरके, वन बीएचके प्रकारची छोटी घरं बहुतेक इथेच मिळतात: जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे. गावठाणातल्या पेठांमध्येही खोल्या असतात. तिथे बाजार आणि दवाखाना हाताशी, पण गाडी लावायला जागा नाही आणि उजेड कमी.

कामाचं ठिकाण बघून दिशा ठरवा. विद्यापीठ केगावला, चिंचोलीची एमआयडीसी त्याच पुणे रोडवर पुढे, म्हणून तिथे काम असणाऱ्याने बाळे-केगावकडे बघावं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाणाऱ्याला नीलमनगर किंवा शेळगी बरं. एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाच्या बाजूला जायचं असेल तर होटगी रोड. जुळे सोलापुरातून केगावला रोज जाणारा माणूस मला माहीत आहे. त्याचं भाडं वाचतं आणि पेट्रोलात जातं. सिटी बस सगळीकडे आणि वेळेवर मिळेल हे धरून चालू नका. दुचाकी नसेल तर शेअर रिक्षा कुठल्या चौकातून कुठपर्यंत जाते आणि रात्री आठनंतर मिळते का, हे त्याच चौकातल्या रिक्षावाल्याला विचारा. दर शनिवारी पुण्याला जाऊन येणाऱ्याने स्टेशनचं अंतर भाड्याइतकंच महत्त्वाचं धरावं.

पूर्व भागात घर बघत असाल तर शेजारी यंत्रमाग आहे का, बघून घ्या. मागाची खटखट दिवसा रस्त्याच्या आवाजात विरून जाते, रात्री मात्र गादीतून जाणवते. त्या आवाजातच लहानाचे मोठे झालेले लोक तिथे सुखाने राहतात. पण नाईट ड्यूटी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाला ते सोसणार नाही.

घर शोधायला एजंटपेक्षा पायी फिरणं जास्त उपयोगी पडतं. निवडलेल्या भागात रविवारी सकाळी दोन तास चाला. "भाड्याने देणे आहे" असे बोर्ड गेटवर, विजेच्या खांबावर, पिठाच्या गिरणीत दिसतात. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, गिरणीवाला यांना कुठलं बिऱ्हाड कधी हलणार ते आठ दिवस आधी माहीत असतं. एजंट घेतलात तर दलाली किती आणि कधी द्यायची, हे पहिलं घर बघण्याआधी बोलून घ्या. मोबाईलवर फोटो बघून, घर न बघता, टोकन म्हणून कुणालाही पैसे पाठवू नका. "मी बाहेरगावी आहे, आधी दोन हजार टाका म्हणजे दुसऱ्याला देत नाही" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा त्या घराचा मालकच नसतो.

पाणी

शहराला पाणी येतं ते मुख्यतः शंभर किलोमीटरच्या पलीकडच्या उजनी धरणातून, त्याशिवाय टाकळीला भीमा नदीतून आणि हिप्परगा तलावातून. वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी आलेलं नाही. भागाप्रमाणे तीन, चार, पाच दिवसांआड. उन्हाळ्यात किंवा पाईपलाईन फुटली की एखादा दिवस आणखी लांबतो. म्हणून घरमालकाला "पाण्याची सोय आहे का?" असं विचारून उपयोग नाही. उत्तर नेहमी "भरपूर आहे" असंच येतं. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

नळाला पाणी किती दिवसांआड येतं, किती वाजता, किती वेळ? रात्री दोनला येत असेल तर उठून मोटर कोण चालू करतं? खाली हौद आहे का, किती लिटरचा? वरची टाकी किती लिटरची आणि किती बिऱ्हाडांत? बोअर आहे का, आणि मे महिन्यात त्याला पाणी असतं का? मागच्या उन्हाळ्यात टँकर आणावा लागला होता का, त्याचे पैसे कुणी दिले?

हिशेब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. तिघांचं कुटुंब आणि पाच दिवसांचं अंतर धरलं तर २,०२५ लिटर होतात. काटकसरीने वापरलं, माणशी ८० लिटरवर आलात, तरी १,२०० लागतात. आमच्या त्या घरात पाचशेच्या टाकीत आमचा वाटा अडीचशेचा होता. म्हणून घर बघताना जिना चढून गच्चीवर जाच. टाकीवर तिची क्षमता छापलेली असते. आणि एका टाकीतून किती घरांना नळ उतरलेत ते पाईप मोजून बघा.

हे सगळं विचारून झालं तरी पाण्याच्या दिवशी एकदा त्या गल्लीत जाऊन या. मी नेहमी हेच करते. पाणी सुटलं की गल्ली जागी होते. घागरी, बॅरल, पाईप बाहेर येतात, आणि कुठल्या घराला धार आहे, कुठल्या घराला नुसती सुरसुर, हे उघड दिसतं. नळ सोडणाऱ्या चावीवाल्याला गाठता आलं तर त्याच्याइतकी खरी माहिती दुसरीकडे मिळणार नाही. लाईनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांना पाणी उशिरा आणि कमी दाबाने मिळतं, हे तो सांगतो. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढायची सवय असलेली गल्लीही टाळलेली बरी. तसं करायला महापालिकेची मनाई आहे, आणि एकाने लावली की पुढच्या चार घरांचं पाणी पळतं.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. बाथरूमच्या नळांवर आणि फरशीवर पांढरा थर दिसला की समजायचं. आंघोळ-भांड्यांना चालतं, पण गिझरची कॉइल लवकर जाते आणि डाळ शिजत नाही. प्यायच्या पाण्याचा वेगळा नळ स्वयंपाकघरात आहे का बघा, नाहीतर महिन्याच्या खर्चात जारचे पैसे धरा.

एक गोष्ट घर घेतल्यानंतरची, पण इथेच सांगते. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक बॅरल रिकामा करून, घासून, वाळवून भरायचा. तोंडाला जुन्या सुती साडीचं कापड दोरीने घट्ट बांधायचं. झाकण ठेवलं तरी कडेने फट राहते, कापडाने राहत नाही.

ऊन आणि माती

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. म्हणून कुठल्याही ऋतूत घर बघायला जा, पण एक फेरी दुपारी तीन ते चारच्या दरम्यान मारा. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा आणि दहापर्यंत मोजा. हिवाळ्यातही भिंत कोमट लागत असेल तर मे महिन्यात ती खोली झोपायच्या कामाची नाही. वरचा मजला असेल तर गच्चीवर चुना किंवा पांढरा रंग मारलेला आहे का, वर पत्र्याची शेड आहे का, विचारा. वर आणखी एक मजला असलेलं मधलं घर सर्वांत थंड. तळमजला उन्हाळ्यात सुखाचा, पण पावसाळ्यात ओल आणि डास.

समोरासमोर दोन खिडक्या आहेत का ते बघा. एका बाजूचीच हवा असेल तर कूलर लावूनही नुसता दमट कोंदटपणा होतो, कारण कूलरची हवा बाहेर पडायला वाट लागते. कूलर ठेवायला खिडकीला ग्रील आणि जवळ सॉकेट आहे का, हेही लगेच बघून घ्यायचं. नंतर मालक भिंतीला भोक पाडू देत नाही.

पत्र्याचं घर फार स्वस्त मिळतं. एकट्या, दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाने एखादं वर्ष काढावं. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर दोन हजार जास्त द्या, पण स्लॅबचं घर घ्या. यावर मी कुणाचंही ऐकत नाही.

शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि पाया नीट नसेल तर भिंती तडकतात. प्लास्टरच्या केसासारख्या रेघा सगळीकडे असतात, त्यांनी घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, नाणं आत जाईल एवढी भेग दिसली तर मात्र ते घर सोडा. नवीन वसाहतीत आतला रस्ता डांबरी आहे का, हे जुलैत कळतं. काळ्या चिखलात दुचाकीचं चाक फिरेनासं होतं आणि मुलांना शाळेला चौकापर्यंत उचलून न्यावं लागतं. पावसाळ्याआधी घर बघत असाल तर शेजारणीला सरळ विचारा: "ताई, पावसात गाडी घरापर्यंत येते का?" त्याच ओघात ड्रेनेज लाईन आहे की सेप्टिक टँक, आणि टँक शेवटचा कधी उपसला, हेही विचारून घ्या.

वीज

तुमच्या घराला महावितरणचा स्वतंत्र मीटर आहे की मालकाच्या मीटरवर सबमीटर, हा पहिला प्रश्न. फरक पैशांचा आहे. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ पासून तो बराच चढतो. तुम्ही ९० युनिट जाळले आणि मालकाने ९०, तर वेगळे मीटर असताना दोघंही खालच्या दरात बसता. एकाच मीटरवर १८० होतात आणि त्यातले ८० युनिट वरच्या दराने लागतात. सबमीटरच असेल तर युनिटचा दर आधी ठरवून करारात लिहून घ्या.

स्वतंत्र मीटर असेल तर १२ आकडी ग्राहक क्रमांक मागा आणि थकबाकी नाही ना ते महावितरणच्या ॲपवर तिथेच बघा. आधीच्या भाडेकरूचं बिल तुमच्या गळ्यात पडायला नको.

मालकाशी बोलणं

सोलापुरात बरेच मालक त्याच इमारतीत, खालच्या किंवा वरच्या मजल्यावर राहतात. पेन्शनवर आलेले शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले, पोराने बांधलेल्या घरात राहणारे. घरी मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू बोललं जातं. काका, अण्णा, मावशी म्हणून बोलणं सुरू होतं आणि ते खरंच मनापासून असतं. जुळे सोलापुरातल्या घरात आम्ही सामान लावत होतो तेव्हा मालकीणबाई ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाचटणी आणि तांब्याभर ताक घेऊन वर आल्या होत्या. ते घर आम्ही सहा वर्षं सोडलं नाही. पण त्याच मावशींशी सगळं लेखी होतं, आणि सहा वर्षांत एकदाही पैशावरून शब्दाला शब्द लागला नाही.

पहिल्याच भेटीत स्वतःबद्दल खरं सांगा. किती माणसं राहणार, गावाकडून आई-वडील येऊन राहणार का, ड्यूटी रात्रीची आहे का, मांसाहार होतो का. काही मालक शाकाहारी कुटुंबच हवं म्हणतात, काही एकट्या मुलांना किंवा मुलींना देत नाहीत, आणि काही आडनाव विचारून मग "घर गेलं" म्हणतात. हे शेवटचं मी स्वतः सोबत असताना तीनदा बघितलं आहे. ज्याच्याबरोबर गेले होते त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ते चूक आहे, आणि तिथे विनवण्या करत उभं राहू नये असं माझं मत आहे. पुढच्या गल्लीत माणसं वेगळी असतात. मात्र खोटं सांगून घर घेऊ नका. रोजचं जिणं चोरून जगावं लागलं तर ते घर राहत नाही.

मालकाकडून जाणून घ्यायच्या गोष्टी: रात्री गेट किती वाजता बंद होतं, पाहुणे राहिले तर चालतात का, गाडी कुठे लावायची, गच्चीवर वाळवण घालता येतं का, भिंतीला खिळा ठोकलेला चालतो का. क्षुल्लक वाटतात, पण कुरबुरी इथूनच सुरू होतात.

आणि घर खरंच त्यांचंच आहे ना? घरपट्टीची पावती किंवा विजेचं बिल दाखवा म्हणा. नाव वडिलांचं असेल आणि बोलणारा मुलगा असेल, तर करारावर सही वडिलांची हवी, नाहीतर मुलाकडे मुखत्यारपत्र हवं. चांगला मालक याचा राग धरत नाही.

पैसे

समजा भाडं ६,५०० आणि डिपॉझिट २०,००० ठरलं. तेवढ्यावर थांबू नका. पाणीपट्टी, जिन्याची साफसफाई, मोटरचं वीजबिल, अपार्टमेंट असेल तर मेंटेनन्स, हे भाड्यात धरलेलं आहे की वेगळं? घरपट्टी कुणाची? बोलतानाच विचारलं तर ती मालकाकडे राहते, मागाहून विषय निघाला तर वाद. दलाली, टेम्पो, हमाली, करार, पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट मिळून हातात किती रक्कम लागेल, ते कागदावर मांडा. आमचा अनुभव असा की पहिल्या महिन्यात भाड्याच्या पाचपट पैसे लागतात.

डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात "घर डिपॉझिट" लिहा. रोख द्यावीच लागली तर तिथल्या तिथे सही केलेली पावती घ्या. भाड्याचंही तसंच. भाड्याची पावती मागणं हा भाडेकरूचा हक्क आहे, त्यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. नोकरीत घरभाडे भत्त्याची करसवलत घेत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल, तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो करारातच लिहून घ्या.

काही ठिकाणी भाडं न घेता एकरकमी दोन-तीन लाख घेऊन घर देतात आणि जाताना रक्कम परत करतात. महिन्याचं भाडं वाचतं म्हणून ते गोड वाटतं. पण मालकाने ते पैसे लग्नात किंवा धंद्यात घातले असतील, आणि घरावर बँकेचं कर्ज थकलं असेल, तर तुमची आयुष्याची बचत अडकते. माझा सल्ला, पगारदार माणसाने या वाटेला जाऊ नये. जायचंच असेल तर वकिलाकडून घराची कागदपत्रं आणि बोजा तपासून, नोंदणीकृत करार करूनच.

करार

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. "अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं", असं एजंटही सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने दिलं किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) दिलं, मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणी केलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मालकाला हे शेवटचं वाक्य शांतपणे सांगा, त्यात त्याचाही फायदा आहे हे त्याला लगेच पटतं.

खर्च फार नाही. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. ते मुदतीच्या एकूण भाड्यावर आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर मोजतात. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं ७१,५०० आणि डिपॉझिटवरचं व्याज १,८३३, मिळून ७३,३३३. त्याचे ०.२५ टक्के १८३ रुपये, म्हणजे पुढच्या शंभरात २००. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. भाडं तेच ठेवून तीन वर्षांचा करार केला तर मुद्रांक ६०० होतो, नोंदणी फी तीच, एकदाच. मग दर अकरा महिन्यांनी धावपळ कशाला करायची? जिथे दोघांचं जमण्यासारखं वाटतं तिथे मी दोन-तीन वर्षांचाच करार करायला सांगते. दर वर्षी किती टक्के वाढ ते त्यातच लिहायचं. लिव्ह अँड लायसन्स जास्तीत जास्त ६० महिन्यांचा करता येतो.

नोंदणी ऑनलाईन होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची, दोन्ही बाजूंचा आणि दोन साक्षीदारांचा आधार, फोटो, अंगठा घ्यायचा. हे काम करणारी माणसं यंत्र घेऊन घरी येतात. त्यांची फी वेगळी, ती आधी विचारा. वयस्कर मालकांचे अंगठे बऱ्याचदा लागत नाहीत, काम करून रेषा झिजलेल्या असतात. तेव्हा हात धुवून, कोरडे करून, वेगळ्या बोटाने प्रयत्न करा आणि घाई करू नका.

करारात काय हवं: घराचा पूर्ण पत्ता, मुदत, भाडं कुठल्या तारखेला द्यायचं, डिपॉझिटची रक्कम आणि ते सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार, नोटिशीचा काळ दोन्हीकडून सारखाच एक महिना, वीज-पाण्याचं कोण काय देणार, मोठी दुरुस्ती मालकाकडे आणि बल्ब-वायसरसारखी किरकोळ तुमच्याकडे. पाण्याबद्दल एक ओळ मी आवर्जून घालायला लावते: नळाचं पाणी पुरलं नाही तर टँकरचा खर्च कसा वाटायचा. लॉक-इन, म्हणजे अमुक महिने घर सोडायचं नाही अशी अट, टाकलं असेल तर वाचून घ्या, कारण बदली झाली तरी तेवढे महिने भाडं मागितलं जातं.

मुदत संपल्यावर घर सोडावंच लागतं हेही ध्यानात ठेवा. लायसन्स संपूनही राहिलात तर मालकाला त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. उलट बाजूने, भाडेकरूला घालवण्यासाठी मालकाने पाणी किंवा वीज तोडणं याच कायद्याने बेकायदा आहे. तसं कुणी केलं तर ऐकून घेऊ नका.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं मालकाचं काम. ते ऑनलाईनही देता येतं. जुळे सोलापूर, विजापूर रोड भागासाठी विजापूर नाका पोलीस ठाणं. फोटो आणि आधारची प्रत द्यायची, पोच घ्यायची आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवायची.

राहायला जाताना

सामान आत घेण्याआधी, घर रिकामं असताना, मोबाईलवर पूर्ण व्हिडिओ काढा. प्रत्येक भिंत, दरवाज्यांच्या कड्या, फुटलेली फरशी, बेसिनची चीर, पंखे किती आणि चालतात का, नळांवरचा पांढरा थर. वीज मीटरचा आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, "काका, आजची घराची स्थिती" एवढंच लिहून. सैफुलच्या घरात आमच्याकडून कापलेले साडेचार हजार गिझरचे आणि एका बेसिनचे होते. बेसिनची चीर आम्ही जाण्याआधीपासून होती, पण दाखवायला फोटो नव्हता.

सगळे नळ एकदम सोडून बघा. फ्लश, मोरी, गॅसच्या नळीचं भोक, कुलपं. कुलूप नवीन बसवा; जुन्या चाव्या कुणाकुणाकडे आहेत, मालकालाही आठवत नसतं. पाणी येण्याच्या दिवशीच सामान हलवू नका, छोटा हत्ती गल्लीत उभा राहिला की सगळ्यांची पाईपं अडतात आणि पहिल्याच दिवशी शेजारी नाराज. गॅसचा पत्ता त्याच आठवड्यात बदलून घ्या.

घर सोडताना

नोटीस व्हॉट्सॲपवर तारखेसह लिहून द्या, तोंडी सांगितलं असलं तरी. शेवटच्या महिन्याचं भाडं "डिपॉझिटमधून वळतं करा" असं बरेच जण म्हणतात. मालक तयार असेल तर तेही लेखी घ्या. जड पाण्याने चढलेला नळांवरचा थर लिंबू आणि मीठ लावून, तासभर ठेवून घासून काढा, कारण मालकाची पहिली नजर बाथरूममध्ये जाते. शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो, रिकाम्या घराचा व्हिडिओ, आणि मालकासोबत प्रत्येक खोलीतून एक चक्कर. काही कापायचं असेल तर तिथेच बोलायचं, दुरुस्तीचं बिल बघायचं आणि उरलेली रक्कम खात्यावर आल्यावर चावी हातात द्यायची. करारात परतीचे दिवस लिहिलेले असतील तर चावी देताना "चावी मिळाली, डिपॉझिट इतकं बाकी, अमुक तारखेपर्यंत देईन" एवढी एक ओळ सहीनिशी घ्या. टाकीत पाणी भरलेलं ठेवून निघा. पुढच्या बिऱ्हाडाला पहिल्या दिवशी तेवढंच लागतं.